राबाचा सांगावा

"उंद्या वारा पडला का राब पेटवीन, बाय. जाळ दिसला तर घाबरू नका. सांगून ठेवते." डोंगरावरच्या वाडीतल्या म्हाताऱ्या कोंडीनं पळसाच्या पानांचा द्रोण ओटीच्या कडेला टेकवला. द्रोणात करवंदं होती, निम्मी काळी, निम्मी अजून लालसर. माधवीनं मोबाइलवरची नजर न काढता "हो हो" म्हटलं. म्हटलं म्हणजे तोंडातून निघालं. शब्द कानांपर्यंत आले होते, त्यापुढे गेले नव्हते, कारण मन सगळं स्क्रीनच्या तळाशी सरकणाऱ्या लाल पट्टीत होतं. त्या पट्टीत सीमेवरच्या गावांची नावं एकामागून एक येत होती आणि त्यांतलं एखादं ओळखीचं निघू नये म्हणून ती प्रत्येक नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत होती. ऋषिकेशचा फोन परवापासून लागत नव्हता. त्याच्या तुकडीचं काम आभाळाकडे बघायचं. गाडीत बसून पडद्यावरचा प्रत्येक ठिपका आपला की परका हे ठरवायचं. गाडी कुठे उभी असते ते त्यानं कधी सांगितलं नव्हतं, तिनंही विचारलं नव्हतं. लग्नाच्या पहिल्या वर्षात दोघांनी न बोलता केलेला तो एकच करार. "इंदू नाय का घरात?" कोंडीनं विचारलं. "चौकला गेल्यात, आत्याबाईंकडे. परवा येतील." "मंग तूच सांग हां," कोंडी म्हणाली, आणि जरा वेळ तशीच उभी राहिली, जशी माणसं पोच मिळेपर्यंत उभी राहतात. तेवढ्यात लेकीनं, सुरभीनं, मूठभर करवंदं तोंडात कोंबली, चीक लागून ओठ चिकटले, ती रडायला लागली, माधवी पाण्यासाठी आत धावली, आणि बाहेर आली तेव्हा कोंडी डोंगराच्या वाटेला लागलेली होती. नेसूचा काष्टा, पाठीला रिकामी टोपली, चाल अशी की चढ आहे हे पायांना माहीतच नाही. सांग म्हणजे सासूबाईंना, इंदूबाईंना सांग, असं माधवीनं गृहीत धरलं. परवा सांगू.

त्या मे महिन्यात सगळ्यांचीच मनं कुठेतरी दुसरीकडे होती. कडावच्या बाजारात भाजीवाल्यापासून दूधडेअरीपर्यंत एकच विषय होता, आपल्या बाजूनं कोण उभं राहणार. टीव्हीवर निवृत्त अधिकारी नकाशासमोर उभे राहून बाण काढत. हा देश आपला जुना मित्र, हा नवा. ह्याच्याशी सामरिक भागीदारी, त्याच्याशी समुद्रातले संयुक्त सराव. पण प्रत्यक्ष वेळ आली तर? निवेदक ओरडून विचारी, वेळ आली तर? आणि चौकटीतले चारही चेहरे एकदम बोलायला लागत. माधवी ते सगळं बघे. फौजीच्या बायकोनं बातम्या बघू नयेत, असं इंदूबाई म्हणत, आणि स्वतः त्या वेळी पाठ करून लसूण सोलत बसत. पण माधवीचं शिक्षणच ते. राज्यशास्त्रात एम.ए., आंतरराष्ट्रीय संबंध हा खास विषय. कर्जतच्या खोलीत पंख्याखाली बसून तिनं युत्या आणि करार पाठ केले होते. एकावर हल्ला तो सर्वांवर हल्ला, हे वाक्य तिला तेव्हा कवितेसारखं वाटायचं. कुठल्याच गटात न जाण्याचं आपलं धोरण, मग हळूहळू एकेकाशी जवळीक, मग शस्त्रं स्वतःच बनवण्याचा आग्रह, पुढच्या काळात युत्या लिखित राहतील की प्रसंगाप्रसंगाच्या होतील, यावर तिनं एक लांबलचक निबंध लिहिला होता. सरांनी त्यावर शेरा मारला होता, चांगलं आहे, पण सगळे देश तुम्ही पुतळ्यांसारखे उभे केलेत. भीती कुठे आहे? तो शेरा तिला तेव्हा अन्यायाचा वाटला होता. आता भीती घरात होती, तिला वास होता, उतू गेलेल्या दुधाचा. सुरभी झोपली की माधवी तिच्या छातीवर हात ठेवून श्वास बघायची, तीन वर्षांची झाली तरी, आणि दुसऱ्या हातात फोन.

ब्लॅकआऊटच्या सरावाची दवंडी दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सुरू झाली. संध्याकाळी भोंगा वाजेल, सर्वांनी दिवे बंद करावेत, इन्व्हर्टरसुद्धा, चुलीचा जाळ बाहेर दिसू देऊ नये, सहकार्य करावे. साईनाथचा आवाज होता. साईनाथ पंचायतीत शिपायाचं काम बदलीवर करायचा, आणि उरलेल्या वेळात भरतीची तयारी. पहाटे कर्जतच्या रस्त्यावर धावताना दिसायचा, पाठीला वाळूची पिशवी बांधून. छाती कमी भरली म्हणून परत आलेला. ऋषिकेश सुट्टीवर आला की दिवसभर ह्याच अंगणात पडून असायचा, दादा, तिकडं थंडीत दात घासता का, असले प्रश्न विचारत. त्या दिवशी त्याच्या आवाजात असा काही ताठा होता की ऐकताना माधवीच्याही पाठीचा कणा सरळ झाला. तिनं खिडक्यांना सुरभीच्या चित्रकलेचे काळे कागद चिकटवले. फ्रीजचा दिवा दिसतो म्हणून फ्रीज बंद केला. देवघरातली समई फुंकताना हात थबकला, पण फुंकली. आपण हे इतकं नीट करतो आहोत म्हणून त्याच्या गाडीतला पडदा आज साफ राहील, असं काहीतरी मनात होतं. ते तर्काला धरून नव्हतं हे तिला कळत होतं, तरी तिनं गॅसच्या लायटरवरसुद्धा फडकं टाकलं.

भोंगा वाजला तेव्हा सुरभी दचकून रडलीच नाही, तिनं फक्त माधवीच्या गळ्याभोवती हात टाकले आणि विचारलं, "बाबा ओरडतायत?" तो आवाज वर चढे, खाली येई, पुन्हा वर चढे. गाव एकदम गेलं. वीज जाणं कडावला नवीन नाही, पण वीज गेली की माणसं बोलतात, शिव्या देतात, कुणीतरी मेणबत्ती कुठंय म्हणून ओरडतं. ही शांतता ठरवून केलेली होती आणि म्हणून अंगावर येत होती. माधवी पोरीला घेऊन गच्चीवर गेली, का गेली ते तिला नंतरही सांगता आलं नाही. खाली भिंती जवळ येत होत्या म्हणून असेल. आभाळ इतकं मोठं होतं. माथेरानच्या डोंगराची कड अजून किंचित उजळ होती. आणि मग समोर, वाडीच्या खालच्या उतारावर, लाल जाळ उठला. आधी एक ठिपका, मग पसरत गेलेली रेघ, मग अख्खा चौकोन. तिनं पोरीला खाली दाबलं आणि स्वतः तिच्यावर पडली. गुडघा फरशीवर आपटला. पडला, इथे पडला, एवढंच डोक्यात. कानात रक्त वाजत होतं आणि त्या आवाजातून ती स्फोटाची वाट बघत राहिली. स्फोट आला नाही. खालून पोरांचा गलका आला, "वर बघ, वर! लाईट कुनी लावलीय रं?" आणि मोटारसायकली चालू झाल्या. तेव्हा भीतीच्या जागी संताप आला. तो तिकडे डोळ्यांत तेल घालून बसला आहे आणि इथे लोकांना घटकाभर आग विझवता येत नाही. कोण आहेत ही माणसं, ह्यांना देश म्हणजे काय हे कधी कळणार. हे ती मनात म्हणाली, पूर्ण वाक्यांत, आणि वाक्य संपतं न संपतं तोच वारा फिरून वास आला. जळलेलं शेण, ओला पाला, तळाशी गोडसर मातीचा वास. हा वास तिला माहीत होता. लग्न होऊन आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात ह्याच गच्चीवर तिनं सासूबाईंना विचारलं होतं, हे काय जळतंय, आणि त्या म्हणाल्या होत्या, राब गं. भाताचं रोप जिथं टाकायचं ती जागा आधी पाला नि शेण घालून भाजून घ्यायची, म्हणजे तणाचं बी मरतं. उंद्या वारा पडला का. ती उठून बसली. डोंगरावर बॅटऱ्यांचे उजेड हलत होते, आणि जाळाचा चौकोन मधूनच तुटत, फाटत, विझत चालला होता.

व्हिडिओ सकाळी दुधवाल्याच्याही आधी आला. गावाच्या ग्रुपवर, मग माहेरच्या, मग फौजी परिवारांच्या. वर लिहिलं होतं, शत्रूला इशारा देणारी म्हातारी, आणि मागे ढोलताशाचं संगीत. पोरं झाडाच्या फांद्यांनी राब झोडपत होती, भाजत आलेली माती लाथांनी उधळत होती. मध्ये कोंडी, हात पसरून, एखादं जनावर अंगावर येताना माणूस उभं राहतं तशी. कुणी तिला हात लावला नव्हता. त्याची माधवीनं पुन्हापुन्हा बघून खात्री करून घेतली, जणू त्यानं काही कमी होणार होतं. संगीत काढून टाकता येत नव्हतं, पण कानाशी धरलं की त्याच्याखाली आवाज ऐकू यायचे. "सांगलंय मी! खाली सांगलंय!" "कुनाला सांगलंस आजे? पाकिस्तानला?" हशा. मग दुसरं कुणी, गमतीतच, "बस आता हितंच. मिलिटरी येनार हाय तुला धरायला." आणि त्या वाक्यानंतर कोंडीचे पसरलेले हात खाली येतात. कॅमेरा हलतो, संपतं. सुरभी मांडीवरून बघत होती. "आजीचा राब पोरांनी मोडला," ती म्हणाली, साधं, घरकुल मोडलं म्हणावं तसं. तीन वर्षांच्या पोरीला शब्द माहीत होता.

इंदूबाई दुपारच्या गाडीनं आल्या. चपला काढायच्या आधी त्यांनी विचारलं, "तिनं खाली सांगितलं नव्हतं? असं व्हयाचं नाय." माधवीनं द्रोणाकडे बघितलं, करवंदं तशीच होती, सुकत आलेली. "मला सांगितलं होतं." "मंग?" "मंग काय? तुम्ही आल्यावर तुम्हाला सांगणार होते." इंदूबाई ओटीवर बसल्या. पदरानं मान पुसली. रागावल्या नाहीत, ते जास्त कठीण होतं. "अगं, वाडीवरनं खाली उतरलं का पयलं घर आपलं. राब पेटवायच्या आदल्या दिशी सांगावा आपल्याकडं येतो. आपन मारुतीपाशी जाऊन सांगायचं, उद्या वाडीवर राब हाय, वनवा नाय. तुझे सासरे जायाचे. ते गेल्यावर मी जाते. एकदा कदी म्हने लोकांनी वनवा समजून राब इस्कटला, त्या सालापासनं हाय हे." "मला हे कधी कुणी सांगितलंच नाही, आई." "सांगायचं काय त्यात? घरात राहून कळतंच की." माधवीला आठवत होतं ते भलतंच. एम.ए.च्या वर्गात एक करार शिकवला होता, तेव्हा सगळे हसले होते. एकमेकांचे कट्टर वैरी असलेले दोन देश, बोलणं बंद, क्रिकेट बंद, पण क्षेपणास्त्राची चाचणी घ्यायची झाली की आधी शेजाऱ्याला कळवायचं, आकाशात उद्या जे दिसेल तो सराव आहे, घाबरू नका. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं होतं, भांडणाऱ्या जावा-जावा पण एवढं करत नाहीत. सर म्हणाले होते, हसू नका, सगळं मोडलं तरी हे टिकतं, कारण हे मैत्रीसाठी नाहीच, हे गैरसमज होऊ नये म्हणून आहे. तिनं ते वहीत उतरवलं होतं, परीक्षेत आलंही होतं, मार्क पडले होते. उद्या जाळ दिसेल, घाबरू नका. ह्याच ओटीवर येऊन, द्रोण ठेवून, एका बाजूनं करार पाळला गेला होता. दुसऱ्या बाजूला ती होती, आणि बघत होती कुठला देश आपल्या बाजूनं निवेदन काढतो ते.

संध्याकाळी साईनाथ स्वतःच आला, बहुतेक शाबासकीसाठी. "वहिनी, दादाचा फोन लागला का?" तिनं मान हलवली. मग म्हणाली, "साईनाथ, कोंडीनं राबाचं मला आदल्या दिवशी सांगितलं होतं." तो हसला, मग हसू अर्धं राहिलं. "मंग तुमी आमाला का नाय सांगितलं?" ह्या प्रश्नात टोमणा नव्हता. "ब्लॅकआऊट म्हंजे ब्लॅकआऊट, वहिनी. तिला भोंगा ऐकू नाय आला? आमी दादासाठीच करत होतो ना? उद्या खरंच वरनं आलं काय, तर त्यो जाळ बघून पयलं कडाव उडल." "तो व्हिडिओ काढून टाक." "माझ्याकडचा काढून टाकतो. पन आता तो माझ्याकडं कुठं हाय?" त्यानं हात आभाळाच्या दिशेनं उडवला. उंबऱ्यातून इंदूबाई म्हणाल्या, "साई, तुझ्या आईला विचार जा, तुझ्या जन्माच्या येळी डोंगरातनं औषध कुनी आनून दिलं ते." तो निघाला, गाडी चालू न करता ढकलतच नेली बऱ्याच अंतरापर्यंत. त्याचा राग धरावा अशी माधवीची इच्छा होती आणि राग धरला जात नव्हता. गच्चीवर पोरीला खाली दाबून मनात म्हटलेली ती पूर्ण वाक्यं तिला ऐकू येत होती. साईनाथनं फक्त मोटारसायकल काढली होती.

ऋषिकेशचा फोन आला तेव्हा ती दोरीवरचे कपडे काढत होती. आधी नुसता वारा, मग त्याचा आवाज, लांबून, घसा बसलेला. बरा आहेस ना, बरा आहे, जेवलास का, पोरगी काय करते. हे सगळं बोलून झालं. मग तो म्हणाला, "तो व्हिडिओ इकडंपन आलाय. पोरं हसत होती. मी म्हटलं दाखव. ती कोंडीमावशी हाय ना गं?" तिनं हो म्हटलं. तिनं सांगावाही सांगितला, सगळा, कपडे हातात तसेच. तो ऐकत राहिला. इंदूबाई बाळंतपणानंतर विषमज्वरानं आडव्या होत्या तेव्हा ह्या माणसाला कोंडीनं कडेवर वागवलं होतं, स्वतःच्या दत्ताच्या बरोबरीनं, एक ह्या कडेवर, एक त्या. सुरभीलाही तेल लावून पहिली आंघोळ तिनंच घातली होती, अंगणात पाय पसरून, पोटऱ्यांच्या पाळण्यात. "माधवी, आमच्याकडं पडद्यावर ठिपका आला ना, तर पयलं विचारतात, कोन? त्याला उत्तर द्यायला वेळ देतात. लगेच नाय मारत. एवढं युद्ध चालू असताना नाय मारत. तिथं तिला कुनी विचारलं का?" "ती सांगत होती, ऋषी." "मग ऐकलं का?" आणि मग, जसा तो नेहमी मध्येच तुटतो तसा, तुटायच्या आधी, "तू जा. जाऊन बघ ती कशी हाय. माझ्यासाठी तेवढं कर. बाकी माझं मी—" पुढे वाराही नव्हता.

वाडीचा चढ तिनं लग्नानंतर एकदाच चढला होता, नवी नवरी म्हणून, नारळ घेऊन. सावड आहे आपली त्यांच्याशी, असं तेव्हा सासरे म्हणाले होते. आपल्या भाताच्या लावणीला ते येणार, त्यांच्या लावणीला आपण जायचं, पैसा मध्ये नाही. तिला ते फार सुंदर वाटलं होतं. आता पोरीला खांद्यावर घेऊन चढताना तिनं पहिल्यांदा नीट आठवून बघितलं. अख्खी वाडी चिखलात वाकून कडावची खाचरं लावून देई. आणि वर, कोंडीच्या त्या एवढ्याशा तुकड्यावर, घरचं एक माणूस जाई, सासरे होते तोवर. ते गेल्यावर इंदूबाईंच्या गुडघ्यांनी नकार दिला, तेव्हापासून लुगडं पाठवलं जातं आणि तांदूळ. ऋषिकेश सुट्टी जुळली तर जातो. सुट्टी जुळत नाही. कागदावर कुठे नाही, सही नाही, म्हणून मोडलं हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसरी बाजू येतच राहिली. मोठे आणि छोटे ह्यांच्यातल्या युतीत मोठ्याला ती मैत्री वाटते, असं काहीसं तिच्या निबंधात होतं का? नव्हतं. हे तिला आत्ता, धाप लागलेली असताना सुचत होतं. राबाची जागा वाटेतच लागली. काळ्या चौकोनाचे लचके तोडल्यासारखे झाले होते. कुठे राख, कुठे अर्धवट जळालेल्या ऐनाच्या फांद्या, कुठे शेणाच्या गोवऱ्या तशाच अख्ख्या. बाजूला पोरांनी टाकलेली पाण्याची प्लास्टिकची बाटली. झोपडीचं दार ओढून काथ्यानं बांधलेलं होतं. शेजारच्या ठमीनं तिला पाणी दिलं, पोरीला दिलं, मग सांगितलं. "ती तं गेली. दुसऱ्या दिशी, उजाडताना. आमी म्हनलो कुनी येत नाय, पोरांनी भिवाडलं. ती म्हने, मिलटरी म्हंजी आपला ऋषीच ना? मंग ऋषीच येल का मला धराया? असं इचारीत बसली. ऋषी आला तं मी त्याला काय सांगू, म्हने." ठमीनं हे माधवीकडे न बघता सांगितलं. सुरभी राखेत हात घालून आली होती आणि आईच्या साडीला बोटं पुसत होती. "गेली कुठं?" "दत्ताकडं, माथेरानला. आनखी कुटं जाईल?"

दत्ता माथेरानला हातरिक्षा ओढतो. दुसऱ्याच दिवशी माधवी नेरळवरून टॅक्सीनं, गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरीला गेली आणि तिथून लाल मातीतून चालत, घोड्यांच्या मागे मागे. तो एका पर्यटक बाईला उतरवत होता. माधवीला बघून त्याचा चेहरा उजळला. "वहिनी! आई बरी हाय ना? व्हिडिओ बघून फोन करीत होतो ठमीला, लागत नाय. म्हनलं वाडीवर नसंल तर तुमच्याकडंच असंल, मंग काय भ्या नाय." ती तशीच उभी राहिली. घोड्यांच्या लिदीचा वास, माकडं, कुणीतरी मक्याचं कणीस भाजत होतं. वाडीला वाटत होतं ती दत्ताकडे आहे. दत्ताला वाटत होतं ती त्यांच्याकडे आहे. आणि माधवीच्या घरचे स्वतः? कडावला वाटत होतं ती वाडीवर आहे, वाडी तिला बघेल. टीव्हीवरचा तो नकाशा तिला दिसला, बाणच बाण, प्रत्येक बाण दुसऱ्याकडे दाखवणारा. दत्ताच्या हातातून रिक्षाचा दांडा सुटला आणि रिक्षा मागे कलली. "आमच्याकडे नाही, दत्ताभाऊ," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिनं त्याला भाऊ म्हटलं, आणि ते किती उशिरा, हे दोघांनाही ऐकू आलं.

मग शोध. पाणवठे, कोंडीच्या बहिणीचं घर, कर्जतचा बाजार. दत्ता काम सोडून खाली आला. साईनाथही आला, कुणी न बोलावता. गाडीवर दत्ताला मागे बसवून खालापूरपर्यंत फिरला, आणि दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते. चौकला जुन्या हायवेवरच्या एका ढाब्याचा मालक म्हणाला, होती एक म्हातारी, मागं भांडी घासत होती, चार दिस राहिली असंल. एक दिवस कसली तरी लष्कराची गाडी चहाला थांबली, आतले जवान हातपाय धुवायला मागं गेले, आणि ती जी उठली ती दिसलीच नाही. खोपोलीच्या अंगाला गेली असंल. पोलिसांत सांगून झालं आहे. फोटो म्हणून द्यायला घरात काही नव्हतं. सुरभीच्या बारशातल्या एका फोटोत कोपऱ्यात कोंडीचा खांदा आहे. तिचा चेहरा फक्त त्या व्हिडिओत आहे. तो द्यावा लागला.

सीमेवरची बातमी तोवर निवली होती. शस्त्रं थांबली, अधिकारी नकाशासमोरून गेले, पुढच्या दहा वर्षांचं संरक्षण धोरण काय असावं ह्यावर एक शांत परिसंवाद लागला होता; इंदूबाईंनी तो बंद केला. "चल," त्या म्हणाल्या. "पाला गोळा करून ठेवलाय कोंडीनं, सडंल." गुडघ्यांना पट्टे बांधून त्या चढ चढल्या, वाटेत दहादा बसल्या. विस्कटलेला राब त्यांनी आणि माधवीनं पुन्हा रचला, ठमीनं शेण आणून दिलं, वरून मातीचा थर कसा द्यायचा ते इंदूबाई काठीनं दाखवत होत्या. आदल्या दिवशी माधवी मारुतीपाशी गेली होती. पारावर माणसं पत्ते खेळत होती. काय बोलायचं ते तिनं मनात घोकलं होतं. "उद्या वाडीवर राब आहे," ती म्हणाली, "वणवा नाही. जाळ दिसला तर घाबरू नका." एकानं पान टाकता टाकता मान डोलावली. बाकीचे खाली बघत राहिले. साईनाथ तिथेच होता. तो उठून भोंग्याकडे गेला आणि तेच वाक्य त्यानं गावाला सांगितलं, ताठा नसलेल्या आवाजात.

आता तो राब हिरवा आहे. रोपं वीतभर झाली आहेत, तण नाही, वारा आला की सगळी एकाच बाजूला झुकतात. ऋषिकेश सुट्टी मागतो आहे, लावणीसाठी, म्हणून नीट लिहून. अर्जात कुणाच्या लावणीसाठी ते त्यानं लिहिलेलं नाही. रोज संध्याकाळी माधवी गच्चीवर जाते आणि वाडीच्या झोपडीत दिवा दिसतो का बघते. आभाळ बघायचं सोडून ती एका ठिपक्याची वाट बघते.

तर माधवीचं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. तुम्ही शनिवार-रविवारी इकडे येता, धबधब्यांना, माथेरानला, जुन्या हायवेनं पुण्याला जाताना चौक-खोपोलीला वडापावला थांबता. ह्या खेपेला जरा मागच्या बाजूला जाऊन बघा, नळापाशी भांड्यांच्या ढिगामागे कोण बसलं आहे. हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके असतील, काष्टा असेल, उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग. फोटो काढू नका. आधी विचारा, कोंडी का तुम्ही, कडावच्या वरच्या वाडीतल्या? आणि उत्तर द्यायला तिला वेळ द्या. ती घाबरेल, उठून जायला बघेल. तेव्हा सांगा की मिलिटरी येणार नाही. ऋषी येणार आहे, पण धरायला नाही. राब भाजून झाला, रोप तयार आहे, खालून सगळं घर वर येणार आहे, तुकडा तिचा आहे आणि पहिली मूठ तिनं लावल्याशिवाय कुणी चिखलात उतरणार नाही. हे सगळं ध्यानात राहिलं नाही तर राहू द्या. ती जेवली आहे का, तेवढं तरी बघा.